आधी बंद करून बघू

टण्ण. दुपारी घर चिडीचूप असताना घरातल्या छोकरीने माझ्या पाठीवर चमचा आपटला. मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. सध्या ढोल म्हणून नोकरीला आहे.

पूर्वी माझा थाट वेगळा होता. एका हॉस्पिटलच्या थंडगार खोलीत, पत्र्याच्या कपाटात, मी भावंडांसोबत राहायचे. आमचे भाडेकरू म्हणजे आभासी मशीन, एका खऱ्या संगणकाच्या पोटात प्रोग्रॅमने थाटलेले अनेक संगणक. त्यांना ना हात, ना पाय, ना अंग; पण सामान मात्र केवढं! प्रत्येकाला ऐसपैस जागेचा शब्द दिलेला. सगळे एकदम थोडेच मागणार, या भरवशावर होती त्याहून जास्त जागा वाटलेली. ही जागावाटपाची नोकरी या ढोलवाल्या छोकरीच्या आईची. घाईतल्या मशीनला चपळ डिस्क, पेंगणाऱ्यांना मी.

आणि एक दिवस सगळ्यांचंच सामान वाढलं. मी गळ्यापर्यंत भरले. हॉस्पिटलची कामं अडू लागली. माझ्याकडच्या एका मशीनचं नाव होतं 'तात्पुरतं-नको'. आईचे साहेब म्हणाले, नावातच नको आहे, पुसून टाका. आत काय आहे ते मला ठाऊक होतं, पण डिस्कला कुठली वाचा? मी नुसती घरघरले. म्हातारी कुरकुरतेय, असं म्हणून साहेब हसले.

आई म्हणाली, "पुसायच्या आधी नुसतं बंद करून बघू. कोण ओरडतं ते कळेल."

बंद केलं. सगळं शांत. साहेबांनी 'सांगितलं नव्हतं?' अशा चेहऱ्याने चहा उचलला. तो ओठाला लागायच्या आत बाळंतिणींच्या वॉर्डातून सिस्टरचा फोन आला.

"अहो, बाळांच्या मनगटावरच्या पट्ट्या छापल्या जात नाहीयेत. इथे तिघं बिननावाची झोपलीत, आणि मेली सगळी सारखीच दिसतात."

कुणीतरी कधीकाळी चार दिवसांपुरतं म्हणून बसवलेलं ते मशीन इतकी वर्षं मुकाट्याने पट्ट्या छापत होतं. आईने ते घाईघाईने सुरू केलं, माझ्यावरून नव्या डिस्कवर हलवलं आणि त्याचं नाव ठेवलं, 'बाळांच्या पट्ट्या, हात लावू नये'. मला कोरं करून भंगारात काढलं, तेव्हा तिने मागून घेतलं.

तेव्हा मित्रांनो, गप्प बसलेल्याला नको म्हणण्याआधी तो काय करतोय ते बघत जा. आणि चमचा जरा हळू.

आज कपड्यांच्या घड्या घालता घालता आईने हीच गोष्ट लेकीला सांगितली. चमचा हवेतच थांबला.

"आई, तुला बंद केलं तर आधी कोण ओरडेल?"

आईच्या हातातली घडी अर्धीच राहिली. मग ती अर्धी घडी तिने लेकीच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "चल, बंद करून बघू."