सरकून बसा

त्या दिवशी लिंबागणेशला धुकं असं उतरलं होतं, की समोरचं लिंबाचं झाडसुद्धा दिसेना. गारठ्यानं माझं रेक्झिन कडक झालं होतं.

मी काळी-पिवळी जीपचा मागचा बाक बोलतोय. गेवराईच्या एका गॅरेजात लोखंड, काथ्या अन् लाल रेक्झिन जोडून मला घडवलं. तेव्हापासून लिंबागणेश-बीड फेऱ्या मारणाऱ्या त्रिंबकच्या गाडीत आहे. माझ्यावर चौघं मावतात; त्रिंबक सहाजण बसवतो.

गप्प बसलं तरी बीड येतंच. मग माणसं एकमेकांशी बोलतात कशाला? मला वाटायचं, उतरून जायचं असतं म्हणून. गावात काढलेला शब्द गावभर होतो. इथला स्टँडवरच सांडून जातो.

त्या सकाळी म्हाळूबाबा माझ्या कडेला टेकले. मेंढरांमागं हयात गेलेला माणूस, भार चिमणीएवढा. शेजारी शहादेव, मांडीवर वांग्याची पाटी.

"सरका की जरा, आजून एक बसतंय!" त्रिंबक ओरडला.

"आता काय वांग्यात बसवतो का बे?" शहादेव म्हणाला. सगळे हसले.

मग त्यानं बाबांशी नातं काढायला घेतलं. "कोणच्या गावचे, दादा? सोयरे कुठले?" मामा झाले, साडू झाले, चार गावं पालथी घातली. कुठंच जुळंना.

"आन् एवढ्या गारठ्यात एकलेच काहून निघालाव?"

बाबा म्हणाले, "मोतीबिंदू हाय. डाक्टर म्हणला, संग घरचं माणूस आण, न्हाईतर आपरेशन न्हाई. लेक-सून ऊसतोडीला गेलेत. कोण आणू? आता मेंढरूबी आवाजावरून वळखतो. म्हणलं, बघू हातापाया पडून."

शहादेव पाटीतली वांगी उगाच वरखाली करत राहिला.

बीडला सगळे उतरले. म्हाळूबाबा बसूनच राहिले. त्यांनी माझी कड घट्ट धरून ठेवली होती.

"त्रिंबक, मला माघारीच ने लेकरा," ते पुटपुटले.

तेवढ्यात शहादेवनं पाटी त्रिंबकच्या हातात दिली. "एवढी वांगी आडतीवर टाक." अन् तो दाराशी आला.

आता माझा काथ्या बाहेर आलाय. उद्या त्रिंबक नवा बाक बसवणार. त्याच्यावरही असंच सरकून बसा, बाबांनो. शेजारच्याला त्याचं गाव विचारत चला. मी भंगारात गेलो तरी शहादेवचं बोलणं माझ्यात मुरलेलं राहील. बाबांना हात देत तो म्हणाला होता,

"चला दादा. डाक्टरनं पुसलं तर सांगा, धाकला भाऊ हाय. नातं काय, परतीच्या जीपमदी काढू."