काळ्या हिरड्यांचा मासा

अलास्कातल्या युकॉन नदीवर त्या दिवशी विकायला फक्त चम जातीचे सॅमन मासे पकडायची परवानगी होती. दुर्मीळ झालेला किंग सॅमन जाळ्यात आला तर तत्क्षणी पाण्यात सोडायचा, नाहीतर परवाना रद्द. ओलिंका डोळ्यांत तेल घालून लांब दांड्याच्या जाळीच्या झोळीकडे बघत होती. परवाना गेला तर हिवाळा काढायचा कशावर?

बोटीत तिचे बाबा, मोक्सी, कांबळं पांघरून बसले होते. घशात गाठ, महिनाभर धड जेवण नाही, तरी हट्टाने आलेले. एकच धोशा, "मरायच्या आधी किंगचा एक घास दे गं पोरी."

"बाबा, बंदी आहे. चम खा की."

"तो कुत्र्यांना घालायचा! बापाला सांगताना लाज नाही वाटत?"

तेवढ्यात झोळी जड झाली. मासा चमएवढाच होता, पण जाळीत अडकून त्याचे कल्ले फाटले होते आणि तो मेला होता. ओलिंकाने तोंड उघडून पाहिलं. हिरड्या काळ्याकुट्ट. किंगच!

"एवढुसा तर आहे. झाक त्या चमांत," बाबा कुजबुजले.

पण तपासणीची बोट शेजारीच येऊन लागली.

"किंग ना? सोडा, ताई," अधिकारी म्हणाला.

"मेलाय हो तो!"

"लहान असो, मेलेला असो, कायद्याने किंग तो किंग. मी तरी काय करू?"

बाबा उसळले. "मेलेला मासा फेकला की त्याचा अपमान होतो, मग बाकीचे परत येत नाहीत. हे लिहिलंय का रे तुझ्या कायद्यात?"

ओलिंकाने मासा फेकला. तो पांढरं पोट वर करून वाहत गेला, आणि बाबा आपल्या जमातीच्या भाषेत त्याची माफी मागत राहिले. अहो, समुद्रात जहाजं भरभरून मासे नेणारे राहिले बाजूला, आणि माफी कुणी मागायची, तर या म्हाताऱ्याने!

अधिकारी गेल्यावर बाबांनी हात पुढे केला. "तुझा हात दे."

तिच्या बोटांना माशाचं रक्त लागलं होतं. त्यांनी ते चाटलं. ती आशेने त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"तीच चव ना, बाबा?"

त्यांनी पुन्हा जीभ फिरवली, मग मान हलवली. "काहीच लागत नाही गं. चवच गेलीय माझी."

ओलिंकाचा पडलेला चेहरा बघून बाबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"बरं झालं फेकलास. माझ्या तोंडी वायाच गेला असता," ते म्हणाले, आणि तिला रडू आवरेना.