तोपची दो संग-उकचा अर्ज

दो संग-उकला मी मारलं नाही. मारणं सोपं होतं, आणि त्याला सोपं काही द्यायची माझी इच्छा नव्हती.

'बेक चोल' या पुरुषी टोपणनावानं मी दर मंगळवारी इंटरनेटवर एका अंतराळयानाची कथा लिहिते. सहा वर्षं झाली. पहिल्या पर्वाचं पुस्तक वाचकांच्या वर्गणीतून निघालं. वर्गणीदारांची नावं पुस्तकाच्या शेवटी छापायची, अशी आमच्याकडे रीत आहे. मी हौसेनं ती नावं यानावरच्या खलाशांनाच देऊन टाकली. प्रत्येकाची सही घेतली होती, की 'माझ्या नावाच्या पात्राचं काय करायचं ते लेखक ठरवेल.' दो संग-उकची वर्गणी सगळ्यात मोठी, म्हणून तो झाला मुख्य तोपची. "बेक दादा, तुम्हीच माझे गुरू," अशी पत्रं पाठवायचा.

मग कथेतला म्हातारा कप्तान वारला आणि यान मी मा सुन-दकच्या हातात दिलं. पन्नाशीची, गुडघे धरलेली, इंजिनखोलीत तीस वर्षं काढलेली बाई. माझी आई कोजे बेटावरच्या जहाजगोदीत वेल्डिंग करायची. सुन-दकचं चालणं, बोलणं, शिव्या, सगळं आईचं होतं.

त्या मंगळवारी वाचकांनी जी गरळ ओकली!

'यान पार्क करता येईल का काकूंना?'

'आधी किमचीचं लोणचं घालून घ्या, मग ग्रह जिंका.'

'बेक चोलला हाकललंय. आता कुणीतरी बाई लिहितेय.'

एकेक तारा देऊन त्यांनी मालिकेचं मानांकन पार मातीत घातलं. मग मापोतल्या आमच्या प्रकाशनाच्या दारात भाड्याचा ट्रक आणून उभा केला. त्याच्या विजेच्या पाटीवर तीन दिवस झगझगीत अक्षरं फिरत होती : बेक चोलला परत आणा! तोपचीला कप्तान करा! पुढारी अर्थातच दो संग-उक.

संपादक छु हवालदिल झाला. "लेखिकाबाई, मारून टाका ना त्या सुन-दकला. नाहीतर वरचे मालिकाच बंद करतायत."

"माझ्या आईला मारू?"

तो खाली बघत म्हणाला, "तिघं अर्ज घेऊन वर येतायत. निदान गोड बोला."

ते आले तेव्हा मी कचेरीतल्या गरम पाण्याच्या यंत्रापाशी उभी होते. संग-उक तिशीचा, शर्टाला कडक इस्त्री. मला बघून म्हणाला, "ओ मावशी, तीन कॉफी. आणि आत सांगा, बेक सरांना बोलावून घ्या, आम्ही आलोय."

मी कॉफीच्या पुड्या फोडल्या, साखर नीट ढवळली, तीन कप समोर ठेवले.

"बायकी लिखाण पहिल्या वाक्यात कळतं रे," तो सोबत्यांना सांगत होता. "बेक दादाच्या लिखाणात दम होता."

मी अर्ज उचलून वाचला. 'कप्तान सुन-दकला उल्केनं मारावं. दोन ओळी पुरे. रडारड नको.'

"ओ मावशी, तुम्ही कशाला वाचताय? त्यावर बेक सरांचा शिक्का हवाय. खोटा चालणार नाही, सांगून ठेवतो." त्यानं पिशवीतून पहिल्या पर्वाचं पुस्तक काढलं. त्या आवृत्तीच्या प्रत्येक प्रतीवर मी स्वतः सहीऐवजी माझा लाल शिक्का उमटवला होता. शिक्क्याचा एक कोपरा तुटका आहे.

मी स्वेटरच्या खिशातून शिक्का काढला, त्यावर तोंडाची वाफ दिली आणि अर्जावर दाबला. शेजारी लिहिलं, 'मिळाला.'

तो पुस्तकाकडे बघे, अर्जाकडे बघे. तोच तुटका कोपरा. कान लालबुंद झाले.

"तुम्ही... कधीपासून?"

"पहिल्या ओळीपासून. कॉफी घ्या, गार होतेय."

त्याच्याच एका सोबत्याला हसू आवरेना. संध्याकाळपर्यंत त्या पठ्ठ्यानं शिक्क्याचा फोटो सगळीकडे पसरवला. आजवर गुपचूप वाचणाऱ्या हजारो बाया धावून आल्या. मालिका बंद करायचं कुणी नाव काढेना.

पुढच्या मंगळवारी सुन-दकनं तोपचीला तोफेवरून उतरवलं आणि त्याच्या हातात किटली दिली.

"तोपची दो संग-उक, कॉफी."

"हो, कप्तान."

तेव्हापासून प्रत्येक भागात हे एवढं असतंच. वाचक याच दोन ओळींची वाट बघतात. ऐकलंय, त्याच्या कचेरीतही लोक त्याला कॉफी मागतात.

मागच्या आठवड्यात टपालानं त्याचा दुसरा अर्ज आला. अक्षर सुंदर आहे त्याचं. 'माननीय लेखिकाबाई, माझ्या पात्राला कृपया मारावं. उल्का चालेल. दोन ओळी पुरे.'

मी तो तीनदा वाचला. मजा आली, खोटं कशाला बोलू? मग शिक्क्यावर वाफ दिली, दाबला, 'मिळाला' लिहून परत धाडला.

आणि या मंगळवारच्या भागात कप्तान सुन-दकनं त्याची चाकरी दहा वर्षांनी वाढवली.