चाकाचं कुलूप

आमच्या म्हातारीच्या तळाला भोक पडलं तेव्हा मी गाडी बदलायचं ठरवलं. म्हातारी म्हणजे आमची छोटी फोर-व्हील जीप, वीस वर्षांची. भोक नेमकं क्लचच्या शेजारी, वाटीएवढं. त्यातून रस्ता पळताना दिसायचा. दादा म्हणाला, "पत्रा मार." प्रत्येक दुखण्यावर दादाचं हेच औषध.

"पत्र्यावर पत्रे मारून गाडी उरलीय कुठे?" मी म्हटलं. "नुसते पत्रेच उरलेत."

मी गुरांची डॉक्टर. डोंगरावरच्या सतरा वस्त्या माझ्याकडे. दादा माझा मोठा भाऊ. त्याचं लग्न झालं नाही, माझं झालं आणि मोडलं, म्हणून दोघं एका छपराखाली. अठरा वर्षं गाडी तो चालवायचा आणि मी शेजारी बसून पेंगायचे. दोन वर्षांपूर्वी त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. तेव्हापासून गाडी मी चालवते आणि तो शेजारी बसून उंटावरून शेळ्या हाकतो. "दगड." "दुसरा गिअर." "अगं, दुसरा!" बोलणं तुटक झालं, पण सुंभ जळला तरी पीळ तसाच.

म्हातारीची एक खोड होती. एरवी ती मागच्या दोन चाकांवर चालायची. चढावर चारही चाकांना जोर हवा असेल तर कुणीतरी खाली उतरायचं, पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध असलेली गोल चकती हाताने फिरवायची, मग आतला दांडा ओढायचा. आम्ही त्याला कुलूप लावणं म्हणायचो. पाण्याच्या टाकीपाशी डांबर संपतं आणि चढ लागतो, तिथे गाडी थांबायची. पूर्वी मी टुणकन उतरून, वाकून, एका मिनिटात दोन्ही कुलपं लावून परत यायचे. आता गाडी माझ्या हातात आली आणि कुलूप दादाच्या.

त्याला दहा मिनिटं लागायची. डाव्या हाताने दार, मग डावा पाय, मग काठी. बॉनेटला धरत धरत तो पुढे जायचा आणि चाकापाशी खाली बसून दिसेनासा व्हायचा. मी स्टिअरिंगवर बोटं वाजवायचे. मग हॉर्न द्यायचे. "दादा, आज होणार का उद्या?"

"झालं, झालं," खालून आवाज यायचा. झालेलं नसायचं.

मी करते म्हणून एकदा सांगून पाहिलं होतं. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. घरी त्याच्या शर्टाची बटणं मी लावते, दाढी मी करते, औषधाच्या गोळ्या मी मोजून देते. कुलूप तेवढं त्याचं होतं. मी पुन्हा विषय काढला नाही.

मागच्या महिन्यात वरच्या वस्तीत एक गाय अडली. वासरू आडवं आलेलं. आम्ही पोचलो तेव्हा गाय मेली होती, पोट हाताला अजून गरम लागत होतं. मालकीण गोठ्याच्या दारात उभी होती. ती ओरडली नाही, रडली नाही. "आत्ताच," एवढंच म्हणाली. "दहा मिनिटं झाली असतील."

दादा गाडीतच होता. काच खाली होती, त्याला ऐकू गेलं. मी हात धुतले, खरं तर ते मळलेही नव्हते. त्या दिवसापासून मला काही म्हणजे काही वाटेनासं झालं. राग नाही, दुःख नाही. जेवायची वेळ झाली की जेवायचं, फोन आला की निघायचं. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तशी मी अख्खी झाले होते.

शोरूममध्ये टाय लावलेला एक गृहस्थ आमच्या मागेमागे होता. दोन गाड्या होत्या. एक आखूड आणि उंच, एक थोडी लांब. त्याने आखूड गाडीचं दार उघडून दादाला बसवलं.

"सर, हे बटण फिरवायचं. टू-व्हील, फोर-व्हील. बस्स! चालत्या गाडीत. खाली उतरायची गरजच नाही."

दादाने डाव्या हाताच्या बोटाने बटण फिरवलं. टक्. परत फिरवलं. टक्. छोटा हिरवा दिवा लागला, विझला.

"बरंय," दादा म्हणाला.

"मॅडम, सरांना आवडली!"

डोंबल आवडली. "बरंय" हा शब्द दादा दवाखान्यातही वापरायचा, सुई टोचून झाली की. मी त्याच्याकडे पाहिलं. तो काचेतून बाहेर बघत होता, आणि मला कळत होतं की ही गाडी घेतली तर त्याने माझ्यासोबत यायचं कारणच उरत नाही. तो घरी बसेल. घरी बसलेला दादा किती दिवस टिकेल, हे सांगायला माणसांचा डॉक्टर लागत नाही. आणि ही नाही घेतली तर ती दहा मिनिटं. मी मागच्या सीटखाली औषधांची पेटी मावते का ते मोजलं. मावत होती. उद्या कळवते म्हटलं आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच मिस्त्रीकडे गेले. म्हातारीला वीस वर्षं यानेच जिवंत ठेवलेली. मी म्हटलं, "मिस्त्री, हाताने कुलूप लावायची एखादी जुनी पण धड गाडी बघून द्या. बटणवाली नको."

तो जॅकवरच्या गाडीखालून बाहेर आला आणि फडक्याला हात पुसत राहिला. "हाताची कशाला, ताई?"

"दादासाठी. त्यांना तेवढंच काम आहे."

मिस्त्री हसला नाही. "ताई, तुमच्या गाडीची कुलपं लागलेलीच असतात. कायमची. दीड वर्ष झालं. उजवं आधी जाम झालं. मी म्हटलं, नवीन टाकू. दादा म्हणाले, नको, डावंही तसंच बसवून टाका. आणि ताईला बोलू नका. म्हणून तर गाडी एवढं डिझेल पिते. मला वाटलं, तुमच्या लक्षात आलं असेल."

मी गाडीपाशी गेले, वाकले आणि चकती फिरवून पाहिली. ती हललीसुद्धा नाही. दीड वर्ष मी हॉर्न वाजवत होते. दीड वर्ष तो खाली बसून काहीच करत नव्हता. त्यातल्याच एका दिवशी ती गाय होती.

मला वाटलं, आता तरी संताप येईल. घरी जाऊन दादाला चांगलं फैलावर घेईन. वाटेत वाक्यंसुद्धा जुळवली. घरी पोचले तर तो डाव्या हाताने शेंगा सोलत बसला होता. निम्म्या खाली सांडलेल्या. मी त्या उचलल्या आणि शोरूमला फोन करून सांगितलं, आखूड गाडी, पांढरी. दादाने मान हलवली. म्हातारीला मिस्त्रीचा माणूस घेऊन गेला तेव्हा दादा दाराशी आला नाही.

नव्या गाडीला पहिला फोन त्याच वरच्या वस्तीतून आला. म्हशीचं तपासणं, घाई काही नव्हती. मी चपला घालत होते तेव्हा दादा खुर्चीतच होता.

"चल ना," मी म्हटलं.

"कशाला?"

"दगड कोण दाखवणार?"

तो आला. वाटेत एकही दगड दाखवला नाही. पाण्याची टाकी आली, डांबर संपलं आणि सवयीने मी गाडी थांबवली. थांबवल्यावर लक्षात आलं. दादाचा हात दाराच्या कडीवर गेला होता. तो त्याने परत मांडीवर ठेवला.

"बटण आहे," तो म्हणाला.

"हो."

तरी मीच दार उघडून उतरले. का उतरले, विचारू नका. बॉनेटला वळसा घालून पुढच्या चाकापाशी गेले. चाकाच्या मधोमध फिरवायला काही नव्हतंच, नुसतं गुळगुळीत झाकण. अठरा वर्षं मी इथे वाकत होते, पण खाली कधी बसले नव्हते. आता बसले. बसल्यावर समोर फक्त टायर, खडी आणि कडेचं गवत. इथून गाडीतला माणूस दिसत नाही. गाडीतल्या माणसालाही आपण दिसत नाही. अख्ख्या दिवसात, घरात, मोरीत, बिछान्यात, दादाला कुणीही बघत नाही अशी जागा एवढीच होती. इथे बसून तो काय करत असेल हे मला कळलं, कारण तेच मला होऊ लागलं. आधी हनुवटी थरथरली. मग त्या गायीचं गरम पोट हाताला आठवलं आणि मी पदर तोंडात कोंबून रडले.

बराच वेळ गेला असावा. वर हॉर्न वाजला. दादा डावा हात लांब करून स्टिअरिंगपर्यंत पोचला असणार.

"आज होणार," तो थांबला, शब्द गोळा केले, "का उद्या?"

"झालं, झालं," मी खालून म्हटलं.

झालं नव्हतं. त्यालाही ते माहीत होतं. त्याने पुन्हा हॉर्न दिला नाही.