मोटार बंद, वर्ग चालू

करंजाची बेचाळीस रोपं तुम्ही मारलीत, साहेब. उन्हानं मेली नाहीत, रोगानं नाहीत, शेळ्यांनी तर मुळीच खाल्ली नाहीत. तुम्ही मारलीत, आणि तेही झाडं कशी जगवायची हे शिकवता शिकवता.

ही रोपं केशरबाईची. सरकारी बागेत रोजंदारीवर माळीकाम करणारी बाई. करंजाच्या शेंगा फोडून तिनं पिशव्यांत बी टोकलं आणि रोपं कुंपणाकडेनं लावली. बाजाराला येणाऱ्या तांड्यावरच्या बाया तिथं उन्हात बसतात, त्यांच्या डोक्यावर सावली यावी म्हणून. करंजाला दोन उन्हाळे पाणी मिळालं की तिसऱ्यात ते आपलं आपण उभं राहतं. २००९ चा उन्हाळा हा दुसरा होता.

एप्रिलात तुमच्या कचेरीनं बागेच्या फाटकावर फलक लावला: 'बागकाम, निसर्ग व मनःस्वास्थ्य. मोफत ऑनलाइन वर्ग.' बोअरच्या मोटारीची खोली रिकामी केली, भिंतींना हिरवा रंग फासला, कॉम्प्युटर मांडला, स्टार्टरवर फुलाफुलांचा पडदा सोडला. लाइट यायची सकाळी आठ ते अकरा. वर्गही आठ ते अकरा. मोटार लावली की व्होल्टेज पडायचं आणि कॉम्प्युटर टपकन बंद व्हायचा. लाइट दुसऱ्यांदा यायची ती रात्री, फाटकाला कुलूप लागल्यावर.

"बाबू, अर्धा घंटा मोटार लावू द्या," केशरबाई म्हणाली.

प्रेमानंद वर्गावर नेमलेला कारकून, तिच्याच गल्लीतला. "मावशी, वर्ग तुटला तर साहेब मलेच विचारतात."

"अन् रोपं वाळल्यावर कोनाले विचारतेत?"

"काहून एवढं ताणून राहिल्या? हापशावरून आना की घागरी."

तिनं आणल्या. हापशावर रांग एवढी, की दिवसभर वाहून जेमतेम दहा रोपं ओली व्हायची; एकेका रोपाची पाळी पाचव्या दिवशी. पानं कडेनं करपायला लागली.

आत गाद्यांवर दुकानदार, मास्तर, मास्तरीणबाई आणि तुमच्या घरची मंडळी मांडी घालून बसत. कॉम्प्युटरच्या पडद्यावर दूरच्या शहरातली मॅडम गोड आवाजात सांगे, "डोळे मिटा. तहानलेलं झाड आपल्याशी बोलतं. त्याला मनानं पाणी द्या." सगळे डोळे मिटून मनानं पाणी देत. दारात केशरबाई रिकामी घागर घेऊन उभी असायची.

एकदा मॅडमला हुक्की आली. "तुमच्या माळीताईंना बोलवा ना. दोन शब्द ऐकू या."

केशरबाई पदर सावरून कॅमेऱ्यापुढं बसली. आज तरी कुणी ऐकेल, असं तिला खरंच वाटलं.

"बाई, तुमचा वर्ग चालू असतो तवा माझी मोटार बंद असती. बेचाळीस करंजं मरून राहिलेत. आठवड्यातून दोन दिस वर्ग बंद ठेवा, न्हाई तर..."

प्रेमानंदनं हळूच कॉम्प्युटरचं बटण दाबून तिचा आवाज बंद केला. तिला ते कळलं नाही. ती बोलत राहिली, हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून. पडद्यावरची मॅडम मान डोलवत होती.

"आवाज आला नाही, ताई," ती शेवटी छातीवर हात ठेवून म्हणाली, "पण भाव पोचला!"

गाद्यांवर टाळ्या पडल्या. तुमची बायको तर जोरात वाजवत होती.

मे सरला तोवर बेचाळीसच्या बेचाळीस काड्या झाल्या. जूनमध्ये केशरबाईला तुमचा कागद आला: 'आपल्या हलगर्जीपणामुळे रोपे वाळली. तीन दिवसांत लेखी खुलासा द्यावा, अन्यथा कामावरून कमी करण्यात येईल.' वर्गाला मात्र जिल्ह्याहून शाबासकीचं पत्र आलं होतं.

"ऊन लई होतं असं लिहितो," प्रेमानंद म्हणाला. "खाली माफी मागून टाका. मिटून जाईल, मावशी."

"माफी?" केशरबाई बाजूला थुंकली. "तुह्या हातानंच मह्या तोंडाचा आवाज बंद केला, मले मास्तरीनबाईनं सांगितलं. आता त्याच हातानं लिही. म्या सांगते तसं. येक अक्षर गाळू नको."

प्रेमानंदनं मान खाली घातली आणि लिहिलं. तिनं खाली वाकडीतिकडी सही केली, कचेरीत जाऊन कागद टेबलावर आपटला आणि पोच मागितली. कागदावर एवढंच होतं:

'खुलासा मी देणार नाही, तुम्ही द्या. उन्हाळ्यात आठ ते अकरा बागेचं पाणी बंद ठेवायचा हुकूम कोणाचा? त्याचं नाव लेखी द्या. तीन दिवसांत.'