वज्रदंतवरचे दोन ठोके

धरमतरच्या खाडीत, डोलवीच्या अलीकडं, 'वज्रदंत' ही निवृत्त युद्धनौका चिखलात बसवून तिचं संग्रहालय केलंय. तोफा, पदकं, खलाशांच्या झोपायच्या फळ्या असं सगळं मांडलंय. पेण-रोह्याच्या शाळांच्या सहली येतात, पोरं तोफेला लोंबकळून फोटो काढतात. माहिती सांगायला कमळाकर असतो. याच बोटीच्या इंजिनघरात त्यानं नोकरी काढली, आणि म्हातारपणी बोटच त्याच्या गावाच्या दारात येऊन उभी राहिली. लोक म्हणाले, नशीब काढलंस रे. डोंबलाचं नशीब! ज्या दारापासून माणूस बावीस वर्षं पळाला, ते दारच मागं मागं आलं होतं.

ते दार सगळ्यात खालच्या मजल्यावरचं, इंजिनघराचं. बावीस वर्षांपूर्वी भर समुद्रात पाण्याचा जाड पाइप फुटला, इंजिनघर भरायला लागलं आणि वरून हुकूम आला, दार लावा. लावलं नसतं तर दीडशे माणसांसकट बोट गेली असती. दार लावलं कमळाकरनं. आत राहिला जनू. गाव एक, शेताला शेत लागून, नौदलातली भरतीही दोघांची एकाच दिवशीची.

गावी येऊन कमळाकरनं जनूच्या बायकोला, शांतीला, एवढंच सांगितलं, "आतनं त्यानं दोन ठोके दिले, वैनी."

खाडीकाठच्या खारेपाटातल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. उधाणाच्या दिवशी खाडीच्या बांधावर माणसं डबा-काठी घेऊन अंतराअंतरानं बसतात. दोन ठोके म्हणजे माझ्याकडं ठीक हाय, तुमचं तुम्ही बघा. तीन म्हणजे बांध फुटला, धावा. ऐकणाऱ्यानं एक ठोका द्यायचा, म्हणजे आलो. आणि एकदा तो दिला की जायचंच, मग वाटेत साप असो नाहीतर सात पिढ्यांचा वैरी. तीन ऐकून जो गप्प बसला, त्याच्या घरचं पाणी गाव पीत नाही.

म्हणजे जनू मित्राला मोकळं करून गेला. शांतीनं त्या दोन ठोक्यांवर दिवस काढले, लेक वाढवली, तिचं लग्न लावलं. संग्रहालयाच्या फलकावरही तेच लिहिलंय, आणि कमळाकर ते रोज घडाघडा म्हणून दाखवतो.

अमावास्या-पुनवेला, उधाणाच्या दिवशी, मात्र तो रजा टाकायचा. गेल्या अमावास्येला संग्रहालयाच्या साहेबांनी रजा दिली नाही, आणि नेमकी त्याच दुपारी, भरतीच्या वेळेला, शांती आली. जेवणाची सुट्टी होती, बोटीवर दुसरं कुणी नव्हतं.

"भावजी, मला ते दार दावा."

"आजच कशाला, वैनी? सावकाश या एकदा, लेकीला घेऊन."

"मुद्दाम आज आले. उधाणाचं ते दार वाजतं म्हणतात."

"लोखंड हाय. उन्हात तापतं, पाण्यात निवतं. वाजणारच."

"मग वाजू दे की. ऐकते मी."

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. कमळाकर जिन्यानं पुढं झाला. खाली एकच दिवा. एवढी वर्षं झाली तरी तेलाचा वास गेला नव्हता. पायाखालचं लोखंड हळूच हललं. भरतीचं पाणी चिखलात शिरून बोटीला उचलत होतं. दार चारी बाजूंनी वेल्डिंग करून कायमचं बंद केलेलं. पलीकडं इंजिनं नाहीत, पाणी नाही, रिकामी कोरडी खोली. दार लावायचा लांब दांडा तेवढा तसाच होता.

शांतीनं दाराला तळवा लावला. "किती ठोके दिले त्यांनी?"

"दोन."

आतून आवाज आला. ठण. मग पुन्हा, ठण.

शांतीनं डोळे मिटले. कमळाकरचा अडकलेला श्वास सुटला. जनूनं सांभाळून घेतलं, असं त्याला वाटलं, आणि त्याच्या पोटात माया दाटून आली.

ठण.

शांतीनं डोळे उघडले. आत पुन्हा सुरू झालं. तीन. थांबून पुन्हा तीन.

"तीन होते," शांती म्हणाली.

"व्हय." कमळाकरनं दांड्याकडं बोट केलं. "पाणी डोक्यावर जाईस्तोवर तीनच. माझा हात दांड्यावर होता, वैनी. मी जबाबाचा एक ठोका नाय दिला."

"दार लावलंत त्याचा राग नाय. हुकूम होता, दीडशे माणसं होती. पण ते धावा म्हणत होते, आणि मी बावीस वर्षं ते ठीक हायत समजून जेवले, झोपले, हसले. ते माझं कसं भरून देणार तुम्ही?"

आत ठोके घाईचे झाले होते. शांतीनं पदर खोचला, मूठ वळली आणि दारावर उगारली. कमळाकरनं तिचं मनगट धरलं.

"तुम्ही नका. जबाब दिला की जावं लागतं."

"मग द्यायचा कुणी?"

"त्यानं मला हाक मारलीय. तुम्ही वर जा. लेक हाय तुम्हाला."

ती हलली नाही. त्यानं तिला हातानं जिन्यावर चढवलं, पायऱ्यांवरचे तिचे पाय दिसेनासे होईपर्यंत थांबला, आणि मग दारावर एकच ठोका दिला.

आतले ठोके थांबले. लोखंडी दांडा, आतून कुणीतरी फिरवावा तसा, हळूहळू फिरायला लागला.