पांढरे पाहुणे

मोहाचे फूल पहाटे पडते. त्याचा आवाज इतका हलका असतो, की तो ऐकण्यासाठी आधी स्वतःच्या श्वासाला गप्प करावे लागते. झाडाखालची जमीन झाडून स्वच्छ केलेली असते, आणि तिच्यावर तो उमटतो एखाद्या मुलीने ओठ न उघडता दिलेल्या हुंकारासारखा. इंदू आठवली की मला आधी तो आवाज ऐकू येतो, मग तिच्या ओंजळीचा गोड, किंचित आंबूस गंध येतो, आणि चेहरा सर्वांत शेवटी.

इंदू तुमच्या आजोबांची धाकटी बहीण. तुमच्यापैकी कुणीही तिला पाहिलेले नाही, म्हणून हे लिहिते आहे. लग्न होऊन मी नागपूरहून मूलजवळच्या त्या गावी आले, तेव्हा गडचिरोली हा वेगळा जिल्हा नव्हता. वैनगंगेपासून भामरागडापर्यंतचा तो सारा वनप्रदेश चांदा या एका नावात मावत असे. घरी धानाची शेती होती आणि शेताच्या बांधावर मोहाची जुनी झाडे. फाल्गुन सरत आला की घरातल्या बायका टोपल्या घेऊन अंधुक उजेडात निघत. इंदू सर्वांच्या पुढे असे. उंच, सावळी, पदर कमरेला खोचलेला. चालताना ती पानगळीच्या जंगलासारखी दिसे, अंगावर काहीच अलंकार नाही आणि तरी कुठेतरी पळस पेटलेला.

तो पळस तिच्या डोळ्यांत होता. तिला शिक्षिका व्हायचे होते. एका वसंतात तिला चांद्याहून बोलावणे आले होते. शिक्षिका तयार करणाऱ्या वर्गासाठी तिथे तोंडी परीक्षा व्हायची होती. सासूबाईंनी आपले म्हणणे एकदाच आणि शांतपणे सांगितले होते: निवड झाली तर जा, नाही झाली तर वैशाखात लग्न. बल्लारपूरकडचा एक बिजवर ठेकेदार मागणी घालून बसला होता. फुले वेचणारी इंदूची बोटे त्या दिवसापासून अधिक वेगाने चालू लागली.

परीक्षेत सामान्य ज्ञान विचारतात, आणि ऋतू व हवामान यांवर परीक्षकांचा भर असतो, असे कळले होते. म्हणून मी तिला मोहाच्या झाडांखालीच प्रश्न विचारू लागले. दिवस आणि रात्र समान कधी असतात? पळसाला फुले येतात तेव्हा पाने का नसतात? ती वाकून वेचत असे, मी वाकून विचारत असे, आणि पूर्वेकडे आभाळ दुधात केशर पडल्यासारखे हळूहळू रंगत जाई. माझी उत्तरे शालेय पुस्तकातली, नीटनेटकी असत. इंदू ती पाठ करी, पण प्रत्येकाला आपल्या अंगणातले एक शेपूट जोडल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

एकदा मी विचारले, कोकिळांमध्ये गातो कोण, नर की मादी?

"नर," ती म्हणाली, आणि टोपली कमरेवर घेत थबकली. "मंग बाई काऊन गप बसते, वहिनी?"

"तूच सांग."

"कावळ्याच्या घरट्यात अंडे कुठी घालाचे, ते पाहून राह्यली असन. कामात असलेली बाई गात बसते का?"

शेजारच्या झाडाखाली सासूबाई वेचत होत्या. त्यांनी मान वर न करता टोमणा मारला, "नागपूरवाली, तिले एवढं शिकवून राह्यली, तं हेही शिकव. गप बसाले."

मला हसू आले. पण इंदू हसली नाही. गप्प बसणे तिला शिकवावे लागत नव्हते. मोह वेचण्याच्या दिवसांत त्या घराचा एक नियम होता आणि तो ती श्वासासारखा पाळत असे. अंगणभर फुले वाळत असताना गारांचे नाव तोंडाने घ्यायचे नाही. ओली पिवळसर फुले उन्हात मनुकांसारखी तांबूस होईपर्यंत जीव टांगणीला असे. एकदा का गारा कोसळल्या, की वर्षाची कमाई काळी पडून कुजे. नाव घेतले की त्या ऐकतात आणि येतात, असा समज. म्हणून बायका त्यांना 'पांढरे पाहुणे' म्हणत. पश्चिमेला ढगांची रास चढू लागली की कुणीतरी डोळ्यांवर हात धरून पुटपुटे, "पाहुणे निघाले का जी?" आणि सगळे अंगण क्षणभर स्तब्ध होई.

गार कशी तयार होते, हेही मी तिला शिकवले. खाली जमीन तापते, वर हवा अजून थंड असते. तापलेला वारा जलबिंदूंना वर उचलतो, ते गोठतात, पुन्हा पडतात, पुन्हा उचलले जातात. म्हणून गार चिरली तर आत कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. हे सारे ती न अडखळता सांगे, मात्र जिथे तो शब्द यायचा तिथे तिच्या वाक्यात एक छोटीशी रिकामी जागा असे. मला ती जागा सुंदर वाटे. परीक्षकांना ती तशी वाटणार नाही, हे मला तेव्हा सुचले नाही.

आम्ही छोट्या रुळांवरच्या आगगाडीने चांद्याला गेलो. खिडकीतून पळसाची लाल वने मागे पळत होती. इंदूचे लक्ष मात्र आभाळाकडे होते. निघताना अंगणात फुले पसरलेली होती आणि पश्चिमेला एक ढग उगवला होता.

परीक्षा एका कौलारू शाळेत होती. मी ओसरीवर खिडकीपाशी बसले होते, त्यामुळे आतले सगळे दिसत होते, ऐकू येत होते. मेजामागे दोन गृहस्थ आणि मध्यभागी चष्मा लावलेल्या एक वयस्क बाई. इंदूने सगळे प्रश्न झेलले. मग बाईंनी विचारले, "वसंतात आकाशातून बर्फाचे गोळे पडतात, त्यांना काय म्हणतात?"

इंदूने तापलेली जमीन सांगितली, थंड हवा सांगितली, कांद्याचे पापुद्रे सांगितले.

"छान. पण नाव?"

"आमच्याकडे त्याले पांढरे पाहुणे म्हन्तेत जी."

दोघे गृहस्थ हसले. बाई हसल्या नाहीत. "पुस्तकात काय म्हणतात, ते सांग."

इंदूने खिडकीबाहेर पाहिले. तिची नजर माझ्यावरून गेली, पण तिला मी दिसले नसावे. तिला दिसत होते ते अंगण. एका शब्दाच्या अलीकडे बल्लारपूरचा उंबरठा होता आणि पलीकडे तिचे सारे आयुष्य. बाहेर वाऱ्याने चिंचेची पाने भुरभुर उडवली. एक गृहस्थ पुढचे नाव पुकारायला उठलेदेखील.

तेवढ्यात ती पुढे झाली. फळ्याखालचा खडू उचलून तिने सुवाच्य, गोल अक्षरांत लिहिले: गारा. आणि वळून तत्काळ विचारले, "आता पुसू का जी?"

"का गं? एवढी कसली घाई?"

"घरी मोह वाळून राह्यला, बाई. नाव घेता येत नाई. लिहाले मनाई नाई, पन जास्त वेळ नोको राहू देऊ."

बाईंनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिले. मग स्वतः उठल्या आणि फळा पुसला. "पावसाळा लागला की ये," एवढेच म्हणाल्या.

आम्ही घरी पोहोचलो तेव्हा ढग माथ्यावर होते, उन्हाचा रंग जांभळा झाला होता आणि सासूबाई पोत्यांत फुले भरत होत्या. त्यांनी निवडीचे विचारले नाही. विचारले, "नाव घेतलं का तिथी?"

"नाई."

त्यांनी पोत्याचे तोंड घट्ट बांधले. ढग गडगडले आणि न बरसता दक्षिणेकडे, गोदावरीच्या दिशेने निघून गेले. "मंग जा," त्या म्हणाल्या, "पन मोह पडला का सुट्टी काढून येशील."

ती दरवर्षी आली. पुढे भामरागडाकडच्या शाळेत, जिथे पावसाळ्यात नद्या वाट गिळून टाकतात, तिने मुलांना ऋतू शिकवले, आणि फाल्गुन सरताना ती पहाटेच्या उजेडात टोपली घेऊन आमच्या पुढे चालत राहिली. मग एका वसंतात ती आली नाही; तिच्या शाळेकडून तार आली. त्यानंतरच्या कुठल्याच वसंतात आली नाही.

तुम्ही राहता तिथे आता बर्फ वितळत असेल. इथे मोह पडतो आहे. तो शब्द मी या पानांवर लिहिला आहे; तुम्ही वाचाल तेव्हा मनातच वाचा. नाव न घेतल्याने येणारे टळते का, हे मला इतक्या वर्षांनंतरही ठाऊक नाही; पण पहाटे झाडाखाली मी श्वास रोखून उभी राहते, इंदूला हाक मारत नाही, आणि त्या रिकाम्या ठेवलेल्या जागेत एकेक फूल अलगद पडत राहते.